मेम्फिसच्या हॉटेलातली बदकं : अकराची वरात की पाचची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला राहतो. सध्या आई आली आहे. वय ७४, गुडघे बोलतात, पण हौस दांडगी. येत्या शनिवारी तिला मेम्फिसला न्यायचं घाटतंय. गाडीने तीन तास.

तिथल्या 'द पीबॉडी' या जुन्या बड्या हॉटेलात रोज सकाळी ११ वाजता पाच बदकं गच्चीवरून लिफ्टने खाली येतात, लाल गालिच्यावरून चालत लॉबीतल्या कारंज्यात उतरतात आणि संध्याकाळी ५ वाजता त्याच थाटात परत जातात, एवढं ऐकून आहे. पाहिलेलं मात्र नाही. अकराचं गाठायचं तर आईला पहाटे उठवावं लागेल. पाचचं पाहिलं तर परतताना रात्र. गेलेल्यांनी सांगा, कुठलं बरं? तिला तासभर उभं राहणं जमणार नाही. आत शिरायला त्याच हॉटेलात खोली घ्यावी लागते का?

आणखी एक अडचण आहे. अलिबागकडे आईने परसात कोंबड्या-बदकं पाळलेली. हे सगळं सांगितल्यावर तिने एवढंच विचारलं, "आणि म्हातारी झाली की? हॉटेलच ना ते?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय ती गाडीत बसणार नाही. थट्टा नाही, खरंच नाही बसणार.

मिसिसिपीकाठी :
आधी आईंचं उत्तर. ही बदकं हॉटेलची नव्हेतच. जवळच्या एका शेतकऱ्याकडे वाढतात, तीन महिने हॉटेलात 'नोकरी' करतात, मग शेतावर परत, आणि त्यांच्या जागी नवी पाच येतात. एक हिरव्या डोक्याचा नर आणि चार माद्या. आणि हॉटेलातल्या फ्रेंच रेस्टॉरंटात बदकाचा पदार्थ मिळत नाही. फ्रेंच स्वयंपाकात बदक नाही म्हणजे आपल्याकडे मालवणी खानावळीत सुरमई नसण्यातला प्रकार! आईंना हे नक्की सांगा.

खोलीबिली काही लागत नाही, बघणं फुकट आहे. पण शनिवारी गर्दी मरणाची. निदान पाऊण तास आधी जा आणि लॉबीतली खुर्ची धरा. सोबतच्या कोणीतरी काहीतरी प्यायला मागवायचं, म्हणजे बसून राहायला संकोच नको. लॉबीभोवती वरच्या मजल्याचा सज्जा आहे, तिथून छान दिसतं, पण कठड्याशी उभं राहावं लागतं. गालिच्याच्या कडेला पोरं मांडी घालून बसतात, ती जागा आपल्या गुडघ्यांची नाही.

वऱ्हाडी पाहुणा :
हे सुरू कसं झालं तेही सांगा आईंना. १९३० च्या दशकातली गोष्ट. हॉटेलचे मॅनेजर फ्रँक शुट आणि त्यांचा एक मित्र शेजारच्या आर्कान्सा राज्यातून शिकार करून परतले, पोटात व्हिस्की अंमळ जास्त. त्या काळी रानबदकांना भुलवायला जिवंत पाळीव बदकं सोबत न्यायचे. ती यांनी गंमत म्हणून लॉबीतल्या संगमरवरी कारंज्यात सोडली. पाहुणे खूश, मग बदकं राहिलीच.

चालायला शिकवलं ते मात्र एडवर्ड पेम्ब्रोक यांनी. सामान उचलणारे बेलमन, पण आधी सर्कशीत जनावरांना शिकवायचे. १९४० मध्ये त्यांनी बदकं कारंज्यापर्यंत नेण्याचं काम अंगावर घेतलं, पुढे 'डकमास्टर' झाले आणि १९९१ पर्यंत ते पद सांभाळलं. आता लाल कोट घातलेला, हातात काठी असलेला डकमास्टर आधी हा इतिहास सांगतो, मग लिफ्टचं दार उघडतं.

तेव्हा वाजतं ते अमेरिकी बँड-संगीतकार सूसाचं 'किंग कॉटन मार्च'. मेम्फिस म्हणजे कापसाची पेठ. आम्ही यवतमाळचे, कापसाच्या नावाने बँड वाजतोय म्हटल्यावर मला तर तिथे उगीचच भरून आलं. बायको अजून हसते.

झोपाळू :
माझं मत पाचला. अकराला बदकं पाण्यात पडली की संपलं, पाच मिनिटांचा मामला. पाचची फेरी झाल्यावर तुम्हीही दुसऱ्या लिफ्टने गच्चीवर जा. तिथे त्यांचा संगमरवर आणि काचेचा महाल आहे, खर्च म्हणे दोन लाख डॉलर, आत हॉटेलचीच छोटी प्रतिकृती. सकाळी गेलात तर बदकं खाली आणि महाल रिकामा. आणि वरून मिसिसिपी नदी दिसते.

मिसिसिपीकाठी :
+१. मग दिवसा लोरेन मोटेल बघा, जिथे १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. आता तिथे नागरी हक्कांचं संग्रहालय आहे. नीट पाहायला तीन तास ठेवा. हॉटेलपासून गाडीने अगदी जवळ.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार! पाचची फेरी नक्की, रात्रीचा मुक्कामही मेम्फिसलाच करतोय.

आईला तीन महिन्यांच्या नोकरीचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरंय. पण पाचांत नर एकच, आणि सगळ्यांत पुढे तोच चालत असणार." कोण पुढे असतं, हे कुणाच्या लक्षात आहे का?

वऱ्हाडी पाहुणा :
आम्ही गेलो तेव्हा पुढे एक मादी होती. नर मागे राहिला होता, पोरांचे बूट बघत.