समाजमंदिर नवीन बांधताय ना, मग काचेचा डबा कशाला?

विक्रोळीकर:
आमच्या वसाहतीतलं जुनं समाजमंदिर पाडून नवीन बांधायचं घाटतंय, खाली हॉल, वर अभ्यासिका आणि ज्येष्ठांसाठी एक खोली. परवा मीटिंगमध्ये आर्किटेक्टने चित्र दाखवलं, पश्चिमेची अख्खी भिंत काचेची, आत सगळीकडे एसी, आणि खाली लिहिलंय ग्रीन बिल्डिंग. का, तर गच्चीवर सोलर आणि लॉबीत कुंड्या. मला हसू आवरेना.

अहो मुंबईत माणूस उन्हापेक्षा घामाने जास्त हैराण होतो. नागपूरला कूलर चालतो कारण हवा कोरडी, इथे कूलर लावला तर पापड सादळतील फक्त. इथे दोनच गोष्टी कामाच्या, अंगावरून वारा गेला पाहिजे आणि डोक्यावरचा स्लॅब तापता कामा नये. १५ मेच्या आसपास सूर्य इथे बरोबर डोक्यावर असतो, म्हणजे ऊन सगळ्यात जास्त झेलते ती गच्ची. आणि दक्षिणेचं ऊन छज्जाने अडतं, पण पश्चिमेचं चार वाजताचं ऊन तिरपं, छज्जाखालून सरळ आत शिरतं, आणि नेमकी तिथेच यांना काच हवी. मुंबईतल्याच कंबाला हिलवरची आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची कांचनजंगा ही उंच इमारत बघा, १९८३ ची. पश्चिमेला समुद्र आणि वारा, पण ऊन आणि पाऊसही तिकडूनच, म्हणून त्यांनी दोन मजली उंच व्हरांडे ठेवून खोल्या आत सरकवल्या. घरं श्रीमंतांची, पण मला तरी ती युक्ती आपल्या चाळीतल्या गॅलरीचीच वाटते. आपणही हॉलला तिन्ही बाजूंनी सहा-सात फुटी गॅलरी का नको?

हिशेबतपासनीस:
सगळं वाचायला छान आहे पण हॉल चालवणार कोण? साखरपुडा, बारसं, हळद यांच्या भाड्यावर वॉचमन आणि लाइटबिल निघतं. आजकाल मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, एसी आहे का? नाही म्हटलं की पुढच्या हॉलला जातात. मेमध्ये तीनशे माणसं, भरजरी साड्या आणि तुमची गॅलरी, नवरीचा मेकअप वाहून जाईल.

आणि जाळीच्या भिंती म्हणाल तर आमच्या जिन्याला आहेत, त्यात कबुतरांनी संसार मांडलेत. पलीकडे खाडी, संध्याकाळी सहाला मच्छर असे येतात की भजन मंडळ टाळ्या भजनासाठी वाजवतंय की मच्छरांसाठी कळत नाही.

विक्रोळीकर:
मच्छरांचं मान्य, खिडक्यांना मच्छरजाळी लावावी लागेल आणि जाळीने वारा कमी होतो हेही मान्य, म्हणून खिडक्या मोठ्या हव्यात. पण एसीचा हिशेब तुम्हीच मांडा की. दोन हजार स्क्वेअर फुटांच्या हॉलला दहा-बारा टन तरी लागतील, लग्नाची गर्दी असेल तर जास्तच, आणि फंक्शन सगळी संध्याकाळी, सोलर झोपल्यावर.

सोलरवाला:
माझा धंदाच हा म्हणून सांगतो. १० किलोवॅटला साधारण हजार स्क्वेअर फूट मोकळी गच्ची लागते, उन्हाळ्यात दिवसाला चाळीसेक युनिट मिळतात, जुलैत खूपच कमी. नेट मीटरिंग असेल तर दिवसाची वीज संध्याकाळच्या बिलात वळती होते, त्यामुळे अगदी झोपतं असं नाही. पण लोक एक फायदा विसरतात, पॅनल सहा-सात फूट उंचावर लावले तर स्लॅबला सावली मिळते आणि खालून वारा फिरतो. नाहीतरी दहा वर्षांनी गळतंय म्हणून पत्र्याची शेड ठोकणारच आहात. मात्र खाडीजवळ आहात, खाऱ्या हवेत स्ट्रक्चर गंजतं, साधं लोखंड वापरू नका.

टँकरग्रस्त:
पाण्याचं कोणीच बोलत नाही. दोन हजार स्क्वेअर फूट गच्ची म्हणजे १८५ चौरस मीटर, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सांडलं-उडालं वजा करून जवळजवळ तीन लाख लिटर. दहा हजार लिटरचे तीस टँकर झाले की हो!

हिशेबतपासनीस:
आणि ते तीसही टँकर जून ते सप्टेंबर, तेव्हा नळाला पाणी असतंच. मेपर्यंत ठेवणार कुठे, तळ्यात? बोअरमध्ये सोडा म्हणाल, तर आमच्याकडे बोअरचं पाणी मचूळ लागतं.

टँकरग्रस्त:
पिऊ नका, संडासाला आणि झाडांना वापरा. तीस हजार लिटरची टाकी घातली तरी पावसाळाभर भरते-रिकामी होते, तेवढं तरी पालिकेचं पाणी वाचलं.

जुनीविट:
मला एक कळत नाही, पाडताय कशाला? सिमेंट बनवतानाच जगातला जवळजवळ ८ टक्के कार्बन बाहेर पडतो आणि तुम्ही चांगल्या भिंती फोडून परत सिमेंट ओतणार, वर ग्रीन म्हणणार. स्ट्रक्चरल ऑडिट करा, जमत असेल तर गच्चीवर चायना मोझॅक (पांढऱ्या टाइल्सचे तुकडे) बसवा नाहीतर पांढरा रंग मारा, जुने सत्तर-पंचाहत्तर वॅटचे पंखे काढून तीस वॅटवाले लावा. पैसे उरले तर वरच्या अभ्यासिकेला एसी लावा, तिथे पोरं दहा-दहा तास बसतात, खरी गरज त्यांना आहे.

विक्रोळीकर:
ऑडिट झालंय दादा, कॉलमच्या सळ्या फुगून काँक्रीट सुटलंय, त्यामुळे पाडणं आलंच. बाकी अभ्यासिकेला एसी ही गोष्ट पटली. हॉलचं म्हणाल तर उघडता-मिटता येणारी दारं ठेवू, लग्नाला बंद करून भाड्याने एसी आणा, एरवी उघडा. निदान पश्चिमेची काच तरी काढा आणि त्या बाजूला जिना, स्टोअर, संडास घ्या, ऊन तेच खातील आणि हॉल थंड राहील.

हिशेबतपासनीस:
वाहवा! वारा पश्चिमेचा आणि संडासही पश्चिमेला, मग दारं उघडून पंगतीत बासुंदी वाढा. संडास पूर्वेला टाका, जिना आणि स्टोअर पश्चिमेला चालेल. फक्त स्टोअरमध्ये गणपतीच्या मंडपाचं कापड असतं, त्याला पावसाची ओल लागली तर मंडळाच्या पोरांना तुम्ही तोंड द्यायचं, मी नाही.