मंदीत घराने किती सोसायचे, सरकारवर किती विसंबायचे?

काठावरचा (धागाकर्ता)

मंदी आली की वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, अंथरूण पाहून पाय पसरले असते तर हात पसरायची वेळ आली नसती. दुसरी म्हणते, मग कर कशासाठी भरतो? दोन्हीकडची भाषणं ऐकून झाली आहेत, कृपया ती परत नकोत.

मला हिशेब हवा आहे. उत्पन्न अचानक थांबलं तर घरात नेमकी किती शिल्लक असायला हवी, आणि ‘सहा महिन्यांचा पगार’ हा आकडा येतो कुठून? बेकारभत्ता, हप्त्यांना स्थगिती, जिथे जे काही असेल ते, या हिशेबात धरायचं की शून्य समजून चालायचं? आणि सगळं नीट करणारी घरंही मंदीत बुडतात, ती का?

हिशेबनीस

‘सहा महिन्यांचा पगार’ विसरा. याचा पगाराशी संबंधच नाही. संबंध खर्चाशी आहे, आणि तोही सगळ्या खर्चाशी नाही.

गेल्या बारा महिन्यांच्या बँकेतल्या नोंदी समोर ठेवा आणि प्रत्येक खर्च तीन रकान्यांपैकी एकात टाका. अटळ म्हणजे जो थांबवला तर घर, वीज, औषध किंवा विमा हातचा जातो. दुसरा लांबवता येणारा, तिसरा सरळ बंद करता येणारा. तीन महिन्यांच्या नोंदींवर भागवू नका. विम्याचा हप्ता, फी, घराचा कर अशी वर्षातून एकदा येणारी बिलं त्यात सापडतच नाहीत आणि मग ती नेमकी बेकारीच्या महिन्यात दार ठोठावतात. त्यांची बेरीज करून बाराने भागा आणि अटळच्या रकान्यात घाला.

समजा महिन्याचा एकूण खर्च १०० आहे आणि त्यातला अटळ ६२ निघाला. आता दोन प्रश्न: मदत मंजूर होऊन हातात पडायला किती महिने लागतील, आणि ती पडल्यावर महिना किती मिळेल? धरू २ महिने आणि ३५. नवं काम मिळायला ७ महिने धरले तर:

पहिले २ महिने: ६२ × २ = १२४
पुढचे ५ महिने: (६२ − ३५) × ५ = १३५
एकूण २५९

मदत शून्य धरली तर ६२ × ७ = ४३४. म्हणजे सरकारी मदत हिशेबात धरली तर १७५ कमी साठवावे लागतात. ही काही किरकोळ रक्कम नव्हे. पण त्या १२४ ला पर्याय नाही, तो कोणतंही सरकार भरून देत नाही. तो नसेल तर दर महिना ३ टक्क्यांच्या कार्डावर काढावा लागतो. ३ टक्के ऐकायला बारीक वाटतात, चक्रवाढीने वर्षाचे साडेबेचाळीस टक्के होतात.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: मदत धरा, पण उशिरा येणारी आणि अपुरी म्हणून धरा.

एक सूचना. ही रक्कम एकाच मोठ्या मुदत ठेवीत टाकू नका. एका महिन्याच्या अटळ खर्चाएवढी रक्कम बचत खात्यात आणि उरलेल्याच्या चार-पाच लहान ठेवी करा. एक मोडावी लागली तरी बाकीच्यांचं व्याज शाबूत राहतं.

मुंगी_साखरेचा_रवा

+१. वाचनखूण साठवली. रकान्यांची कल्पना आजच वापरते.

आभाळमाया

हिशेबनीसांचा हिशेब चोख आहे, पण तो एका घरापुरता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात सापडणार नाही, कारण मंदी ही एका घराची अडचण नसतेच.

जोखीम दोन जातींची असते. एकाचा पाय मोडतो, एकाचं दुकान जळतं, तेव्हा बाकीचे धडधाकट असतात. उसनवारी, भिशी, नातलग, विमा, सगळं चालतं. दुसऱ्या जातीत सगळ्यांवर एकाच वेळी येतं. उसनं देणाराही उसनं मागतोय, जमीन विकायला काढली तर शेजाऱ्यानेही काढली आहे, भाव पडलेला. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार, ते हेच. खासगी विमा कंपन्या बेकारीचा भरभक्कम विमा का विकत नाहीत, त्याचं मोठं कारण इथे आहे. घराला आग लागण्याचे दावे वर्षभर विखुरलेले येतात, बेकारीचे एका महिन्यात कोसळतात. शिवाय ज्याला नोकरी जाण्याचा वास आला आहे तोच आधी विमा घ्यायला धावतो.

यात काटकसरच उलटते, हा आणखी एक पेच. एका घराने खर्च १०० वरून ८० वर आणला तर त्याची शिल्लक वाढते. सगळ्यांनी एकदम आणला तर कोणाचं तरी उत्पन्न २० ने घटतं, कारण एकाचा खर्च हीच दुसऱ्याची कमाई. अर्थतज्ज्ञ केन्सने १९३६ मध्ये ज्यावर बोट ठेवलं ते हेच. म्हणजे शिस्तीने वागणारं घर स्वतःपुरतं बरोबर असतं आणि सगळी मिळून बाजार खाली ओढतात. ‘थोडं दात कोरा’ हा सल्ला अशा वेळी सगळ्या गावाला देऊन उपयोग नसतो. तेव्हा उलट दिशेने खर्च करू शकेल असा एकच घटक उरतो, तो म्हणजे सरकार.

अमेरिकेत १९३० ते १९३३ या काळात सुमारे ९,००० बँका बुडाल्या. त्यांत पैसे ठेवणारे उधळे नव्हते, साठवणारे होते. बचत करा असं लोकांना सांगून भागलं नसतं, बचत बुडणार नाही याची हमी हवी होती. ती १९३३ च्या कायद्याने आली आणि १९३४ च्या सुरुवातीला ठेवीदारामागे २,५०० डॉलरपासून लागू झाली. म्हणजे ज्याला आपण ‘माझी स्वतःची शिल्लक’ म्हणतो तिच्या पायाखालीही एक सरकारी फळी असते.

वेळेवर केलेली मदत कशी दिसते तेही पाहा. जर्मनीत काम कमी झालं तर कारखाना माणसं काढण्याऐवजी तास कमी करतो आणि बुडालेल्या निव्वळ वेतनाचे ६० टक्के (मूल असेल तर ६७) सरकारी विम्यातून मिळतात. २००९ मध्ये तिथलं उत्पादन ५ टक्क्यांहून अधिक घसरलं, तरी बेकारी फारशी वाढली नाही. यातही खोट आहेच. जो कारखाना पुढे बंदच पडणार आहे तिथे हीच योजना कामगाराला चुकीच्या जागी अडकवून ठेवते.

जुनी_तिजोरी

आभाळमायांचं अर्थशास्त्र मान्य. पण ‘एकच घटक उरतो’ असं म्हणताना तो घटक किती वेळा उताणा पडला आहे तेही लिहायला हवं होतं.

१९२३ ची जर्मनी. आयुष्यभर काटकसर करून सरकारी रोखे घेणारे मध्यमवर्गीय चलनफुगवट्यात धुऊन निघाले. कर्जबाजारी मात्र सुटले. अर्जेंटिनात डिसेंबर २००१ मध्ये खात्यातून आठवड्याला २५० पेसो एवढेच काढता येत होते. ग्रीसमध्ये २०१५ च्या उन्हाळ्यात दिवसाला ६० युरो. सायप्रसमध्ये २०१३ साली बँका जवळपास दोन आठवडे बंद होत्या, आणि तिथल्या सर्वांत मोठ्या बँकेत एक लाख युरोच्या हमीमर्यादेवर ज्यांचे पैसे होते त्यांच्या त्या वरच्या रकमेपैकी ४७.५ टक्के शेअरमध्ये बदलले गेले. हमीखालचा पैसा वाचला, हे मात्र खरं.

यातून घराने करायचं ते एवढंच. ठेव विम्याची मर्यादा माहीत करून घ्या. ती बहुधा खात्यामागे नसते, प्रत्येक बँकेतल्या ठेवीदारामागे असते, त्यामुळे एकाच बँकेत पाच खाती काढून मर्यादा पाचपट होत नाही. बँका दोन ठेवा. दोन-तीन आठवड्यांच्या अटळ खर्चाएवढी रोकड घरात असू द्या. त्याहून जास्त नको, महागाई ६ टक्के असेल तर बारा वर्षांत तिची किंमत अर्धी होते.

आणि मदतीला उशीर होतो तो दर वेळी कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. अमेरिकेत मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात बेकारभत्त्यासाठी ६० लाखांहून अधिक नवे अर्ज आले. त्याआधीचा विक्रम १९८२ चा, तो सात लाखांच्याही आत. काही राज्यांची यंत्रणा अजून कोबोल या जुन्या संगणकीय भाषेवर चालत होती आणि ती भाषा येणारी माणसं शोधावी लागली. विहीर खणून ठेवली होती, दोरच पुरला नाही.

काठावरचा

आभारी आहे सगळ्यांचा. उपप्रश्न: निवृत्तीसाठी साठवलेला पैसा संकटात काढावा का? तोही ‘स्वतःचाच’ ना? आणि मदतीची सवय लागते, माणूस काम शोधत नाही, या म्हणण्यात कितपत तथ्य?

आभाळमाया

निवृत्तीच्या पैशासाठी चिली पाहा. १९८१ पासून तिथे सक्तीची वैयक्तिक खाती आहेत, पगाराचे १० टक्के त्यात जातात. वैयक्तिक जबाबदारीचा नमुना म्हणून जगभर गाजलेली पद्धत. जुलै २०२० ते एप्रिल २०२१ मध्ये संसदेने त्यातून १० टक्क्यांची उचल तीनदा मंजूर केली. सुरुवातीला सरकारी मदत तोकडी पडली होती, लोकांकडे दुसरं काही नव्हतं. एकूण ५,००० कोटी डॉलरच्या आसपास रक्कम बाहेर आली आणि लाखो खाती शून्यावर गेली. लहान खात्यांतून १० टक्क्यांऐवजी ठरावीक किमान रक्कम, म्हणजे वेळप्रसंगी सगळीच, काढायची मुभा असल्याने सगळ्यात आधी गरिबांचीच रिकामी झाली. आता त्यांचं म्हातारपण सरकारलाच पाहावं लागणार. सरकारने हात आखडता घेतला म्हणून खर्च वाचला नाही, वीस-तीस वर्षांनी पुढे ढकलला गेला. तेव्हा काढायचाच तर सगळ्यात शेवटी, आणि आधी उसनवारीचा दर तपासून.

पायरीपायरीने

सवयीबद्दल: परिणाम असतो, पण त्याचा आकार बहुतेकांना वाटतो तेवढा नसतो. भत्ता वाढवला की बेकारीचा काळ थोडा लांबतो, हे पुष्कळ अभ्यासांत दिसतं. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी यांनी २००८ मध्ये याची फोड केली तेव्हा त्या लांबण्यातला सुमारे ६० टक्के भाग रोकडीच्या चणचणीशी जोडलेला निघाला. ज्याच्याकडे काहीच नाही तो मिळेल ते पहिलं काम पकडतो, हाती थोडं असेल तो जुळणाऱ्या कामासाठी थांबतो. उरलेला भाग मात्र खरोखर ‘कशाला घाई’ या जातीचा.

खरी गोम बहुधा मदत कशी कापली जाते त्यात असते. ब्रिटनच्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये (बेकार आणि कमी कमाईच्या लोकांसाठीचा सरकारी भत्ता) आज निव्वळ कमाईच्या (काही कमाईला कपातीतून सूट असेल तर तिच्यावरच्या) प्रत्येक १०० मागे ५५ कापले जातात, सुरुवातीला ६५ कापले जात. हातात उरतात ४५, त्यातून जाण्यायेण्याचा खर्च वजा करा. ४० लागत असतील तर दिवसभराच्या कामाचे सुटले ५. याला आळस म्हणायचं की गणित, तुम्हीच ठरवा. काम स्वीकारण्याआधी हा आकडा कागदावर काढाच: मिळकत वजा कपात वजा प्रवास. थोडे जास्त तास घेतल्याने वजाबाकी सुधारते का, तेही पाहा. काही योजनांत उत्पन्नाची रेघ ओलांडली की पूर्ण लाभ एका फटक्यात जातो. तिथे रेघेच्या जरासं वर जाण्यापेक्षा बरंच वर जाता येईल तेव्हाच जावं.

अर्जाबद्दल. याच योजनेत पहिला पैसा यायला साधारण पाच आठवडे लागतात, मधली आगाऊ रक्कम मिळते ती पुढच्या हप्त्यांतून वळती होते. अनेक योजनांत हक्क अर्जाच्या तारखेपासून धरतात, नोकरी गेल्याच्या तारखेपासून नाही. म्हणून ‘आधी शिल्लक संपू दे, मग मागू’ हा स्वाभिमान महागात पडतो. ताकाला जाऊन भांडं लपवू नका, पहिल्या आठवड्यात अर्ज टाका.

कामावरून कमी केल्याचं पत्र, शेवटच्या काही महिन्यांच्या वेतनपावत्या, ओळख आणि पत्त्याचा पुरावा आणि खाते क्रमांक एका पाकिटात नोकरी असतानाच ठेवा. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना ते पाहा, अर्ज अडकण्याचं हे अगदी बावळट पण नेहमीचं कारण. नकार आला तर तो लेखी घ्या आणि त्यावरची अपिलाची मुदत त्याच दिवशी दिनदर्शिकेवर मांडा.

हिशेबनीस

हप्त्यांच्या स्थगितीचं राहिलंच होतं. ती मदत आहे, पण फुकट नाही. व्याज चालू राहतं आणि बहुधा मुद्दलात मिळवलं जातं.

२० वर्षांचं कर्ज, ९ टक्के दर, नुकतंच सुरू झालेलं. ३ हप्ते थांबवले आणि नंतर हप्त्याची रक्कम तीच ठेवली तर २४० ऐवजी सुमारे २५६ हप्ते भरावे लागतात. थांबवले ३, वाढले १६. कारण सुरुवातीच्या हप्त्यात पाचातले चार भाग व्याजाचेच असतात. त्याच दराच्या कर्जाचे शेवटचे ६० हप्ते उरले असतील तर तीच स्थगिती दोनहून कमी हप्त्यांत भागते. म्हणून कर्जं दोन असतील तर स्थगिती सरत आलेल्या कर्जावर आधी मागा. आणि पहिला हप्ता चुकण्याच्या आधी मागा, चुकल्यावर पतनोंदीत डाग पडलेला असतो.

पैसे सगळ्यांना पुरत नसतील तेव्हा फोनवर जो जास्त ओरडतो त्याला आधी देण्याची चूक सर्रास होते. ओरडणारा बहुधा विनातारण कर्जवाला असतो, कारण त्याच्याकडे जप्त करायला काही नसतं. घर तारण ठेवून घेतलेला गप्प बसतो.