दवाखान्याच्या पाटीवर साप एक की दोन?

करवीरकर : कोल्हापुरात राजारामपुरीतून जाताना दवाखान्यांच्या पाट्या जरा वर मान करून बघा. पंख लावलेली काठी आणि दोन साप कुठे ना कुठे दिसतीलच. तो हर्मिसचा दंड. हर्मिस म्हणजे ग्रीकांचा व्यापाऱ्यांचा, निरोप्यांचा आणि चोरांचाही देव! वैद्यकाचा देव अस्क्लेपिअस. त्याच्या ओबडधोबड काठीला एकच साप, पंख नाहीत. १९०२ साली अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागानं दोन सापांचं चिन्ह घेतलं आणि घोळ पक्का झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हात मात्र एकच आहे. पाट्या बदला.

औषधवाला : पेशंट साप मोजून आत येतोय होय? आणि मुळात तो साप नसून नारू, म्हणजे माणसाच्या अंगात वाढणारा जंत असावा. नारूची मादी ६० ते १०० सेंमी लांब, शेवईएवढी जाड. पायावरच्या फोडातून टोक बाहेर आलं की काडीला गुंडाळायचं, रोज दोन-चार सेंमी, असं कित्येक दिवस. घाई केली की तुटतो, मग आतला भाग सुजतो, पू धरतो. ती काडी आणि ती काठी शेजारी ठेवून बघा.

करवीरकर : दिसण्यावरून सोयरीक जुळत नाही. ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या अस्क्लेपिअसच्या देवळात बिनविषारी साप खरोखर पाळलेले असत, रोगी तिथंच रात्री झोपत. साथ आली तेव्हा रोमनं तिथून साप आणवला आणि टायबर नदीतल्या बेटावर देऊळ बांधलं. नारूसाठी कोण देऊळ बांधेल?

नागाळापार्क : ग्रीस-रोम राहू द्या. अंबाबाईच्या मस्तकावर नाग आहे, तो काय औषधाचा? आपला नाग राखणदार. धन्वंतरीच्या हातात अमृतकलश असतो, काही मूर्तींत जळूही. पाटीवर काही रंगवायचंच तर कलश रंगवा.

औषधवाला : औषधाचा नाही कसा? नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष घोड्याला थोडं थोडं टोचूनच प्रतिविष बनतं. घोणस-फुरशाच्या दंशात रक्त गोठतंय का हे बघायला २ मिली रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात, मग एकदाच तिरकं करतात. नळी नवी, कोरडी हवी. प्लास्टिकची किंवा साबणानं धुतलेली घेतली तर चांगलं रक्तही पातळच राहतं, आणि गरज नसताना प्रतिविष चढतं. पाटीपेक्षा ही नळी तपासा.

करवीरकर : नळी तपासूच. पण पंख तेवढे खोडा.