जुन्या पूलपटूंची परवड त्यांनी स्वतःच ओढवून घेतली का?

सरळरेषा

पूल म्हणजे खिसे असलेल्या टेबलावर क्यूने (लांब काठीने) चेंडू मारण्याचा खेळ. अमेरिकेतील जुन्या व्यावसायिक पूलपटूंविषयी काल येथे एक टिपण आले. ही मंडळी पैजा, दारू आणि जागरणे यांत बुडाली, हाती आलेला पैसा त्यांनी उधळला आणि म्हणूनच आज त्यांचे नाव कोणी घेत नाही, असा त्याचा एकंदर सूर होता. ते वाचून मला मनापासून चीड आली, आणि दोन ओळींच्या प्रतिसादात ती मावणार नाही म्हणून सविस्तर लिहितो आहे.

उधळण्याइतका पैसा या खेळात होता तरी कधी? स्टीव्ह मिझरॅकने १९७० ते १९७३ अशी सलग चार वर्षे स्ट्रेट पूलची (ठरलेल्या गुणांपर्यंत कोणतेही चेंडू खिशांत घालण्याच्या प्रकाराची) यूएस ओपन जिंकली, पण घर चालवण्यासाठी त्याला न्यू जर्सीतील शाळेत शिकवावे लागत होते. अर्व्हिंग क्रेनने १९६६ च्या यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात एकाच खेळीत सलग १५० चेंडू पॉट करून, म्हणजे खिशांत घालून, सामना संपवला. त्याचा उदरनिर्वाह कॅडिलॅक गाड्या विकण्यावर होता. त्या सामन्यात समोर बसलेल्या जो बाल्सिसला ‘मीटमॅन’ म्हणत, कारण त्याच्या घरचा मांसविक्रीचा धंदा होता. देशातील सर्वांत मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना खेळणाऱ्या दोघांचीही ओळख दुसऱ्या व्यवसायाने व्हावी, यात त्यांच्या व्यसनांचा संबंध कुठे येतो?

पुढे पैशांचे आकडे वाढले, तेव्हाही ते कागदावरच राहिले. १९९६ साली डॅलसमधील स्पर्धेत सलग दहा रॅक (टेबलावर मांडलेले चेंडूंचे संच) साफ करणाऱ्यास दहा लाख डॉलर देण्याची घोषणा झाली होती. अर्ल स्ट्रिकलंडने सलग अकरा केले. त्यावर विमा कंपनीने आक्षेप घेतला आणि प्रकरण अखेर तडजोडीवर मिटवावे लागले. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, केव्हिन ट्रूडो या दूरचित्रवाणीवरील विक्रेत्याने उभ्या केलेल्या आयपीटी (इंटरनॅशनल पूल टूर) मालिकेत फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसने रीनो येथे पाच लाख डॉलरचे पहिले बक्षीस जिंकले. खेळाडूंना ठरलेले पैसे वेळेवर मिळाले नाहीत, हप्त्यांची भाषा सुरू झाली आणि मालिका तिथेच बुडाली. जगातील उत्तमोत्तम खेळाडूंचे भवितव्य एका माणसाच्या खिशावर अवलंबून असावे, हा दोष खेळाडूंच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

निळाखडू

ते टिपण माझे होते आणि त्यातील प्रत्येक शब्दावर मी ठाम आहे.

आपण मिझरॅक आणि क्रेन सांगितलेत, पण राल्फ ग्रीनलीफ सोयीस्करपणे वगळलात. १९२० च्या दशकात त्याच्याइतका लोकप्रिय पूलपटू दुसरा नव्हता, नाट्यगृहांतून त्याचे प्रयोग होत असत आणि त्याची कमाई उत्तम होती. दारूने त्याचे आयुष्य पोखरले आणि १९५० मध्ये वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी तो गेला. त्याला कोणत्या प्रायोजकाने बुडवले?

दुसरे असे की, संघटना नव्हती म्हणून खेळाडू पैजांकडे वळले, असा आपल्या म्हणण्याचा अर्थ होतो; हा क्रमच मला मान्य नाही. पैजा अधिक आवडत होत्या, म्हणून संघटना टिकली नाही. इलिनॉयमधील जॉन्स्टन सिटी येथे जॅन्स्को बंधूंनी १९६१ पासून भरवलेल्या स्पर्धांचे खरे आकर्षण अधिकृत सामन्यांपेक्षा रात्रभर चालणाऱ्या पैजांचे होते, आणि १९७२ मध्ये संघीय अधिकाऱ्यांनी तिथे छापा घातल्यावर तो सारा उत्सव संपला. ज्या खेळातील नामवंतच अशा वातावरणात रमत होते, त्या खेळात कोणता प्रतिष्ठित उद्योग पैसा घालणार होता?

आणि सुव्यवस्थित संघटना असती तर सर्व काही ठीक झाले असते, असे वाटत असेल तर स्नूकरकडे पाहावे. १९७२ आणि १९८२ चा जगज्जेता अ‍ॅलेक्स हिगिन्स २०१० मध्ये बेलफास्टमध्ये एकाकी आणि कफल्लक अवस्थेत मरण पावला. त्याच्या खेळाला भक्कम प्रायोजक होता, बीबीसी होती, कोट्यवधी प्रेक्षक होते. माणूस स्वतःला सांभाळू शकत नसेल, तर संघटना त्याला सांभाळू शकत नाही.

परदेशस्थ

नोकरीनिमित्त मी बरीच वर्षे अमेरिकेत होतो आणि संध्याकाळी एका पूल रूममध्ये जात असे. तिथे सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ येत. तरुणपणी ते गावोगाव हिंडून पैजेवर खेळलेले होते. त्यांनी मला एकदा शांतपणे सांगितले की, त्या काळी स्पर्धेत पहिले येऊनही प्रवासखर्च सुटत नसे, म्हणून ते स्पर्धेला केवळ ओळखी करून घेण्यासाठी जात आणि पुढील महिनाभराची कमाई त्या ओळखींतून होई. घराचे भाडे, मुलाची शाळा, सारे त्याच पैशांतून झाले. निळाखडू ज्याला आवड म्हणतात, ती त्या माणसाची रोजी होती. रेयेसदेखील १९८५ मध्ये अमेरिकेत प्रथम आला तेव्हा ‘सेझार मोरालेस’ या खोट्या नावाने खेळला, कारण खरे नाव कळले असते तर त्याच्याशी पैज लावायला कोणी तयार झाले नसते.

माझ्या मते या खेळाचे अर्थकारण समजून घ्यायचे असेल, तर मिनेसोटा फॅट्स या नावाने प्रसिद्ध झालेल्या रुडॉल्फ वाँडरोनकडे पाहावे. त्याने एकही मोठी स्पर्धा जिंकली नाही, पण आयुष्यभर तो पूलच्या नावावर जगला, कारण या खेळात लोक कौशल्यासाठी नव्हे तर गोष्टींसाठी पैसे मोजतात, हे त्याला इतरांच्या आधी समजले. खरे सांगायचे तर पूलसाठी त्याने विली मॉस्कोनीपेक्षा अधिक केले.

जुना वाचक

शेवटचे वाक्य वाचून मी अक्षरशः थक्क झालो. मॉस्कोनीने १९४१ ते १९५७ या काळात पंधरा वेळा जगज्जेतेपद मिळवले आणि १९५४ मध्ये ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे सलग ५२६ चेंडू पॉट केले. तो कोट-टाय घालून खेळत असे, कारण पूल खेळणाऱ्याकडे लोकांनी सभ्य माणूस म्हणून पाहावे, ही त्याची आयुष्यभराची धडपड होती. ज्याने ती धडपड मातीमोल केली, त्याला आपण उपकारकर्ता ठरवता आहात. ‘द हस्लर’ हा चित्रपट १९६१ मध्ये आला तोवर वाँडरोनला लोक ‘न्यूयॉर्क फॅट्स’ म्हणून ओळखत होते. चित्रपटातील पात्राचे नाव त्याने स्वतःला लावले आणि ते पात्र आपल्यावरूनच बेतले आहे, असे तो जन्मभर सांगत राहिला. त्याच चित्रपटाचा तांत्रिक सल्लागार मॉस्कोनी होता. त्याला काय वाटले असेल, याची कल्पना करून पाहावी.

परदेशस्थ

कल्पना मी केलेली आहे, आणि तरीही माझे मत बदलत नाही. १९७८ मध्ये एबीसी वाहिनीने या दोघांचा सामना दाखवला. मॉस्कोनी तेव्हा ६४ वर्षांचा होता आणि त्याने तो सामना आरामात जिंकला. आता आपणच सांगावे की, लाखो लोक दूरचित्रवाणीसमोर कोणासाठी बसले होते? मॉस्कोनी एकटा पाचशे चेंडू पॉट करणार असता, तर ती वेळ कोणत्याही वाहिनीने दिली नसती.

जुना वाचक

हे सत्य असेल, पण ते त्या वाहिनीविषयीचे सत्य आहे, मॉस्कोनीविषयीचे नाही. प्रेक्षक तमाशासाठी जमतात म्हणून तमाशा करणारा थोर ठरतो, हे मी कदापि मान्य करणार नाही. तरुणपणी मी स्वतः काही वर्षे स्पर्धात्मक बिलियर्ड्स खेळलो आहे, आणि क्यू हाती धरणारा म्हणजे वाया गेलेला, हे वाक्य माझ्या घरातल्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची बोच अजून गेलेली नाही. ती प्रतिमा फॅट्ससारख्यांनी जोपासली आणि तिच्यावर पैसा कमावला. तिची किंमत मात्र घासून सराव करणाऱ्यांनी मोजली.

निळाखडू

येथे मी जुना वाचक यांच्या बाजूने आहे आणि हेच माझे मूळ म्हणणे होते. एक किरकोळ बाब मात्र नोंदवतो. ५२६ चा तो पराक्रम आठ फुटी टेबलावरचा होता, स्पर्धांच्या नऊ फुटी टेबलावरचा नव्हे, आणि तो आकडा आता मागेही पडला आहे. जॉन श्मिटने २०१९ मध्ये ६२६ आणि जेसन शॉने २०२२ मध्ये ७१४ चेंडू पॉट केले.

जुना वाचक

श्मिट आणि शॉ यांनी ठरवून, दिवसेंदिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करून ते आकडे गाठले. मॉस्कोनीचे ५२६ एका प्रदर्शनीय सामन्यात, समोरच्या खेळाडूशी खेळताना झाले. टेबलाच्या लांबीचा मुद्दा मला मान्य आहे, पण या दोन परिस्थितींची तुलना एका ओळीत उरकणे हा त्या माणसावर अन्याय आहे, आणि आपण तो दुसऱ्यांदा करत आहात.

शलाका

दोन दिवंगत पुरुषांपैकी मोठा कोण, यावर इतके प्रतिसाद झाले आणि मूळ प्रश्न बाजूला पडला, याचे मला वाईट वाटते. आतापर्यंत एकाही स्त्रीचे नाव आलेले नाही, याचे त्याहून अधिक.

जीन बालुकासने १९७२ ते १९७८ अशी सलग सात वर्षे महिलांची यूएस ओपन जिंकली. नवव्या वर्षापासून ती मोठ्या स्पर्धांत उतरत होती. १९८८ मध्ये एका स्पर्धेतील वर्तनाबद्दल तिला दंड झाला, तो भरण्यास तिने नकार दिला आणि तिशीही गाठली नसताना ती या खेळातून कायमची बाहेर पडली. पुढे ब्रुकलिनमध्ये घरचा पूल हॉल चालवत राहिली. ती व्यसनी नव्हती, उधळी नव्हती आणि पैजांच्या मागेही नव्हती. आपल्या सर्वोत्तम खेळाडूला परत आणण्यासाठी त्या खेळातील धुरीणांनी पुरेसे प्रयत्न केले नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

जीनेट लीचे उदाहरण तर अगदी अलीकडचे आहे. १९९० च्या दशकात ज्यांना पूलमधले काही कळत नव्हते, तेही ‘ब्लॅक विडो’ला ओळखत होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिला चौथ्या टप्प्यातील अंडाशयाचा कर्करोग असल्याचे जाहीर झाले, तेव्हा तिच्या तीन मुलींसाठी लोकांकडून निधी गोळा करण्याचे आवाहन करावे लागले. तिने काय उधळले होते, हे निळाखडू यांनी कृपया सांगावे.

स्नूकरच्या व्यवस्थेचे दाखले देणाऱ्यांनी अ‍ॅलिसन फिशरकडेही पाहावे. सात वेळा महिला स्नूकरची जगज्जेती होऊनही तिला १९९५ मध्ये इंग्लंड सोडून अमेरिकेत पूल खेळायला यावे लागले, कारण महिलांच्या स्नूकरमध्ये पैसा नव्हता. सिसेरो मर्फीला १९६५ पर्यंत केवळ कृष्णवर्णीय असल्यामुळे जगज्जेतेपदाच्या निमंत्रितांच्या स्पर्धांत प्रवेश नव्हता. प्रवेश मिळाला आणि पहिल्याच प्रयत्नात त्याने बरबँक येथे ते विजेतेपद जिंकले. त्याची वाया गेलेली वर्षे कोणाच्या खाती मांडायची?

निळाखडू

जीनेट ली आणि मर्फी यांच्याबाबत माझ्याजवळ उत्तर नाही, एवढे मी लिहून देतो. बालुकासच्या बाबतीत मात्र देणार नाही. दंड भरून ती पुढे खेळू शकली असती. स्वाभिमानाचा निर्णय तिचा होता आणि मी त्याचा आदर करतो, पण निर्णय तिचाच होता. दोन-चार सज्जनांच्या उदाहरणांनी ग्रीनलीफ पुसला जात नाही, आणि हिगिन्सविषयी तर अजून कोणी चकार शब्द काढलेला नाही.

सरळरेषा

काढतो. हिगिन्सच्या पिढीतील स्नूकरपटूंची यादी समोर ठेवली, तर तो अपवाद दिसतो. स्टीव्ह डेव्हिसला स्नूकरने इतके स्थैर्य दिले की मॉस्कोनी चषकात (युरोप विरुद्ध अमेरिका अशा पूलच्या स्पर्धेत) युरोपकडून खेळणे ही त्याच्यासाठी हौस होती. पूलमध्ये याच्या नेमके उलटे आहे. तिथे स्थिरावलेला खेळाडू अपवाद असतो आणि त्याचे स्थैर्यही बहुधा क्यूच्या विक्रीतून, शिकवणीतून किंवा समालोचनातून आलेले असते. सिगारेटच्या पैशावर दोन्ही खेळ चालले, हे खरे. पण जागतिक स्नूकर स्पर्धेला ‘एम्बसी’ने १९७६ ते २००५ अशी सलग साथ दिली, तर पुरुषांच्या पूलला १९९० च्या दशकाच्या मध्यात मिळालेले ‘कॅमल’चे प्रायोजकत्व काही वर्षांतच संपले आणि त्या जागी तितके मोठे काहीच आले नाही. संघटना प्रत्येकाला वाचवते, असे मी म्हटलेलेच नाही. ज्याला वाचायचे आहे, त्याला तरी तिने संधी द्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

बालुकासविषयी आपण म्हणता की निर्णय तिचा होता. तो किरकोळ रकमेचा दंड आणि सात राष्ट्रीय विजेतेपदे एका तराजूत टाकून पाहावीत, आणि खेळ चालवणाऱ्यांपैकी कोणाला त्यातील फरक का दिसला नाही, याचे उत्तर मला द्यावे. फॅट्स आणि मॉस्कोनी यांच्यासाठी जुना वाचक व परदेशस्थ यांनी वेगळा धागा काढल्यास मी तिथे अवश्य येईन, आणि मॉस्कोनीच्या बाजूने येईन.

परदेशस्थ

धागा काढतो. मात्र एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. रेयेसने २०२२ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, हनोई येथील आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धेत वन-कुशन कॅरममध्ये (खिसे नसलेल्या टेबलावरच्या बिलियर्ड्सच्या एका प्रकारात) कांस्यपदक मिळवले. तो पैशासाठी खेळत राहिला की प्रेमापोटी, याचा निवाडा येथे बसून करण्याचा अधिकार निळाखडू यांनाही नाही आणि सरळरेषा यांनाही नाही.