मदत हवी आहे: एकाच खांद्यावरच्या एपॉलेटवरून (झालरीच्या खांदेपट्टीवरून) हुद्दा कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी. ब्रिटिश नौदलातल्या एका अधिकाऱ्याच्या जुन्या चित्राची प्रत हाती आली आहे. उजव्या खांद्यावर सोनेरी झालरीचं एपॉलेट, डावा खांदा मोकळा. चित्रावर ना नाव, ना साल.

माझी अडचण अशी. 1795 च्या नियमांनुसार तीन वर्षांहून जास्त सेवाज्येष्ठता असलेल्या कॅप्टनला दोन्ही खांद्यांवर एपॉलेट, त्याहून कमी असेल तर फक्त उजव्या, आणि कमांडरला फक्त डाव्या. म्हणजे हा नवा कॅप्टन. पण 1812 मध्ये नियम बदलले. कमांडरला दोन साधी एपॉलेट मिळाली, कॅप्टनच्या एपॉलेटवर नांगर आला (ज्येष्ठ असेल तर वर मुकुटही), आणि उजव्या खांद्यावरचं एकुलतं साधं एपॉलेट लेफ्टनंटकडे गेलं! तीच झालर, तोच खांदा, हुद्दा मात्र बराच खालचा.

त्याच वर्षी बटणांवर नांगराच्या वर मुकुट आला, हे माहीत आहे. पण प्रतीत बटणं पुसट आहेत, नुसते पिवळे ठिपके. कोटाच्या छातीवरच्या पट्ट्यांच्या रंगावरून किंवा तलवारीच्या मुठीवरून काळ ठरवता येतो का? ज्यांनी अशी चित्रं बारकाईने पाहिली आहेत त्यांनी कृपया सांगा. या माणसाला चुकीचा हुद्दा चिकटवायचा नाही.