गेमिंग पीसीसाठी एसएसडी हवी, पण बोर्डावर एकच एम.२ स्लॉट आणि तोही भरलेला. काय घेऊ?

आयर्विनकाठ

नमस्कार मंडळी. २०२० मध्ये इथे सांगलीतच जुळवून घेतलेला पीसी आहे. रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर. विंडोज २४० जीबीच्या एम.२ (थेट बोर्डावर बसणारी पट्टी) एसएसडीवर आणि गेम्स सगळे १ टीबी हार्डडिस्कवर.

बाल्डर्स गेट ३ घ्यायचाय. तो १५० जीबी जागा मागतो आणि एसएसडी लागेलच असं स्पष्ट लिहिलंय. सायबरपंक २०७७ हार्डडिस्कवर कसाबसा चालतो, पण गाडी जोरात पळवली की पुढचा रस्ता उशिरा उमटतो आणि चित्र अडखळतं.

दुकानात विचारलं तर म्हणाले, "जेन ५ टाका, पुढची काळजी मिटली." किंमत ऐकून परत आलो. दिवाळीपासून साठवलेले पैसे आहेत, ते चुकीच्या वस्तूत घालायचे नाहीत. माझ्या बोर्डाला नक्की काय चालेल?

स्क्रूड्रायव्हर

जेन ५ (म्हणजे ड्राइव्ह जोडणाऱ्या पीसीआयई वाटेची पाचवी पिढी) अजिबात घेऊ नका. बसेल, चालेलही, कारण नवी ड्राइव्ह जुन्या स्लॉटच्या वेगाशी जुळवून घेते. पण बी४५० वर एम.२ स्लॉटला पीसीआयई ३.० च्या चार लेन, म्हणजे डेटा वाहणाऱ्या मार्गिका, मिळतात. तुमचा ३६०० प्रोसेसर ४.० चा आहे, अडतंय ते बोर्डापाशी. या स्लॉटमधून प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ३,५०० एमबी निघतात. १०,००० च्या वर धावणारी ड्राइव्ह इथे लावली तरी ३,५०० वरच थांबेल. वरचे सगळे पैसे वाया.

आता एक सांगा, आत्ता बसलेली २४० जीबीची एम.२ साटा (जुनी, हळू जोडणी) आहे की एनव्हीएमई (पीसीआयईवरची वेगवान)? दोन्ही दिसायला सारख्याच पट्ट्या. सोनेरी पिनांच्या बाजूला दोन खाचा असतील तर बहुतेक साटा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडलंत तर खोलायचीही गरज नाही, ट्रान्सफर मोडसमोर लिहिलेलं दिसेल.

आयर्विनकाठ

पाहिलं. साटा/६०० लिहिलंय. म्हणजे इतकी वर्षं त्या स्लॉटमध्ये साटाच होती?

स्क्रूड्रायव्हर

हो. त्या काळात जुळवलेल्या बऱ्याच मशीनमध्ये हेच सापडतं. म्हणजे ५५० एमबीच्या वर ती जाऊच शकत नव्हती. तुमच्यासाठी ही चांगली बातमी आहे, कारण स्लॉटची खरी ताकद अजून वापरलीच गेलेली नाही. ती काढा आणि तिथे १ टीबीची एनव्हीएमई बसवा. २२८० मापाची घ्या, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब.

चिंचवडकर

मी थोडं वेगळं सांगतो. फक्त गेम्ससाठी हवी असेल तर अडीच इंची साटा एसएसडी घ्या, विंडोजला हातही लावू नका. हार्डडिस्कवरून साटा एसएसडीवर आलात की फरक डोळ्यांना दिसतो. साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर बहुतेक गेम्समध्ये लोडिंगचे थोडेच सेकंद वाचतात. माझ्याकडे दोन्ही आहेत, एकच गेम इकडून तिकडे हलवून पाहिलाय. आणि सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) दोन्हींत वाढत नाही, ते काम ग्राफिक्स कार्डाचं. अडखळणं मात्र नक्की कमी होईल.

स्क्रूड्रायव्हर

चिंचवडकरांचं म्हणणं खरं आहे आणि बोर्डावर एम.२ स्लॉटच नसता तर मीही तेच सांगितलं असतं. पण दोन्हींच्या किमती जवळपास असतील तर एनव्हीएमईच घ्यावी. उद्या बोर्ड बदलला तर ती नव्या स्लॉटमध्ये जाते. म्हणूनच मी जेन ४ ची मधली ड्राइव्ह सुचवेन, आज ३,५०० वर चालेल आणि पुढे पूर्ण वेगाने.

मॉडेल निवडताना जेनचा आकडा शेवटी बघा, आधी आतली मेमरी टीएलसी (एका पेशीत तीन बिट) आहे की क्यूएलसी (चार बिट) ते बघा. डब्ल्यूडी ब्लॅक एसएन७७० टीएलसी आहे, १ टीबीला ६०० टीबी लिखाणापर्यंत वॉरंटी. क्रुशियल पी३ प्लस क्यूएलसी, तिला २२० टीबी. गेम खेळणारा माणूस २२० सुद्धा सहसा संपवत नाही, म्हणून त्या आकड्याला घाबरू नका. क्यूएलसीचा त्रास दुसराच आहे. ड्राइव्ह भरत आली आणि एकदम शंभर-दीडशे जीबीचा गेम कॉपी केला की कॅश (ड्राइव्हमधली तात्पुरती वेगवान जागा) संपते आणि वेग हार्डडिस्कइतका खाली येतो. एसएन७७० मध्ये वेगळी डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची रॅम) नाही, पण ती तुमच्या रॅममधला छोटा तुकडा वापरते. गेमिंगला तेवढं पुरतं.

५०० जीबी घेऊ नका. विंडोज आणि तीन मोठे गेम, संपली जागा. वर पंधरा-वीस टक्के मोकळी ठेवायची असते.

मीठभाकर

एक कळकळीची विनंती. "२ टीबी अर्ध्या किमतीत" असलं काही दिसलं तर लांब राहा. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतली होती. विंडोजमध्ये २ टीबी दिसायची, पण थोडा डेटा भरल्यावर पुढच्या फाइल्स उघडेनात. भाच्याच्या बारशाचे फोटो गेले त्यात. नवी ड्राइव्ह आली की आधी एच२टेस्टडब्ल्यू (खरी जागा तपासणारं सॉफ्टवेअर) पूर्ण चालवा, मगच डेटा टाका. आणि बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणा नाहीतर गावातल्या दुकानातून.

आयर्विनकाठ

सगळ्यांचे आभार. एसएन७७० १ टीबी ठरवली. पण स्लॉट एकच, मग विंडोज हलवू कसं?

स्क्रूड्रायव्हर

सहा वर्षांचं विंडोज उचलून नेण्यापेक्षा नवं टाका. ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज ११. तुमचा प्रोसेसर त्याच्या यादीत आहे आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा हे करायचंच होतं. कागदपत्रं, फोटो, गेमचे सेव्ह आधी हार्डडिस्कवर घ्या.

इन्स्टॉल करताना हार्डडिस्कची केबल काढून ठेवा. नाहीतर विंडोज कधीकधी बूटचं विभाजन हार्डडिस्कवर करतं आणि पुढे ती काढली की मशीन सुरूच होत नाही.

बसवताना पॉवर केबल काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा. बहुतेक ग्राफिक्स कार्ड आधी काढावं लागेल, स्लॉट त्याच्याखाली असतो. पट्टी तिरपी सरकवायची, मग हलकेच खाली दाबून स्क्रू. तो स्क्रू फार बारीक असतो, जुनी एसएसडी काढताना वाटीत ठेवा.

आयर्विनकाठ

काल रात्री बसवली. क्रिस्टलडिस्कमार्कमध्ये वाचनाचा वेग ३,४०० च्या आसपास, तुम्ही सांगितलात तसाच. पण हार्डडिस्कची केबल परत जोडली तर ती बायोसमध्येही दिसत नाही! सगळे गेम्स आणि बॅकअप तिच्यावर आहेत. मेली की काय?

स्क्रूड्रायव्हर

घाबरू नका, जिवंत असणार. एएम४ वर (तुमच्या प्रोसेसरचं सॉकेट) एम.२ च्या चार लेन थेट प्रोसेसरमधून येतात आणि प्रोसेसरचे दोन साटा पोर्ट त्यांतल्याच लेनवर असतात. चारही लेनची एनव्हीएमई लागली की काही बोर्डांवर ते पोर्ट बंद होतात. मॅन्युअलमध्ये साटाच्या तक्त्याखालची बारीक टीप वाचा आणि केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावा.

आयर्विनकाठ

दिसली! शेवटच्या पोर्टमधली केबल पहिल्यात लावली आणि आली. स्टीममध्ये जुनं फोल्डर लायब्ररी म्हणून जोडलं तर सगळे गेम्स आपोआप ओळखले, परत उतरवावे लागले नाहीत. सायबरपंक नव्या ड्राइव्हवर हलवला. पूर्ण शहरभर गाडी फिरवली, रस्ता एकदाही मागे राहिला नाही. खूप खूप आभार सगळ्यांचे.

जुनी २४० जीबी यूएसबी डबीत घालून बहिणीला कॉलेजसाठी द्यायचा विचार आहे. कोणतीही एम.२ डबी चालेल ना?

चिंचवडकर

नाही, तिथेही तेच बघा. फक्त एनव्हीएमईवाल्या डबीत ती ओळखली जाणार नाही. एम.२ साटा लिहिलेली किंवा दोन्ही चालणारी मागा.