विषय: विद्यार्थी गटाच्या पुरस्कार-अर्जासाठी मंडळाचे पत्र — गणेशोत्सवाचे तास कोणत्या रकान्यात?

प्रेषक: विद्यार्थी समन्वयक

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मुलांच्या विद्यार्थी गटाचा विद्यापीठातल्या पुरस्कारासाठीचा अर्ज (त्यात अभ्यास, कार्यक्रम आणि सेवा असे तीन रकाने आहेत) शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता बंद होतो आणि मंडळाचे पत्र अजून माझ्या हाती आलेले नाही. मसुद्यावर कार्यकारिणीकडून दोन दुरुस्त्या आल्या आणि त्या दोन्ही मला मान्य करता येत नाहीत. अर्जातल्या ‘स्कॉलरशिप’ या शब्दाचा अर्थ इथे शिष्यवृत्ती नव्हे, तर अभ्यास; गटातल्या सभासदांच्या ग्रेडची सरासरी विद्यापीठच काढते आणि त्यात मंडळाने दिलेल्या पैशांचा काही संबंध येत नाही. तसेच ‘प्रोग्रॅमिंग’ म्हणजे वर्षभरात गटाने भरवलेले कार्यक्रम. आपल्यातले बहुतेक जण संगणक क्षेत्रात असल्यामुळे पहिला अर्थ वेगळाच सुचतो, हे मी समजू शकते, परंतु पत्रात ‘मुलांनी मंडळाचे संकेतस्थळ तयार केले’ हे वाक्य या रकान्यासाठी घालता येणार नाही.

मला मंडळाकडून फक्त तिसऱ्या रकान्यासाठी, म्हणजे सेवेसाठी, पत्र हवे आहे: गणेशोत्सवात गटातल्या २२ मुलांनी मिळून १८६ तास काम केले, एवढेच. कृपया आज रात्रीपर्यंत सही करून पाठवावे.

प्रेषक: सचिव

ताई, सही करायला माझी हरकत नाही, पण अर्जाची प्रत वाचल्यावर एक अडचण दिसली. कार्यक्रमांच्या रकान्यात मुलांनी ‘गणेशोत्सव’ हा स्वतःच्या गटाचा कार्यक्रम म्हणून लिहिला आहे आणि सेवेच्या रकान्यात त्याच दोन दिवसांचे तासही धरले आहेत. गणेशोत्सव मंडळाचा आहे. सभागृहाचे भाडे, विमा, अग्निशमन खात्याची परवानगी आणि मूर्ती हे सगळे मंडळाच्या नावावर आहे. मुलांनी मनापासून काम केले, पण काम करणे आणि उत्सव भरवणे यांत फरक आहे, आणि मंडळाच्या शिक्क्याखाली तो पुसला जाऊ नये. शिवाय १८६ हा आकडा कोणत्या नोंदीवरून आला? माझ्याकडे केवळ दारावरच्या स्वयंसेवकांची यादी आहे.

प्रेषक: स्वयंपाक समिती

सचिवसाहेब, नोंद माझ्याकडे आहे. वाण्याच्या यादीच्या मागच्या बाजूला मी प्रत्येक मुलाचे नाव, आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ लिहून ठेवली होती, कारण त्या रात्री कोणाला कोणी घरी सोडायचे हा प्रश्न होता. सकाळी ७ वाजता नारळ खवायला सात मुले हजर होती. उकडीचे मोदक वळताना पहिल्या तासाभरात निम्म्या कळ्या फुटल्या, पण त्यांनी हात थांबवला नाही. पंगती उठल्यावर मोठी पातेली घासणारी मुले मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांतल्या दोघींची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. स्वयंपाकघराचे ९२ तास होतात आणि त्यांवर मी आत्ता सही करायला तयार आहे. गाड्या लावून देण्याच्या कामाची वही माझ्याकडे नाही. ती त्या दिवशी कोणी नेली हे ज्याला ठाऊक असेल त्याने कळवावे.

प्रेषक: माजी अध्यक्ष

वहिनींच्या नोंदीबद्दल शंका नाही, तथापि मूळ प्रश्न मला वेगळा वाटतो. आपल्याच उत्सवात आपणच मोदक वळले तर त्याला सेवा म्हणावे का?

मी पुणे विद्यापीठात शिकत असताना राष्ट्रीय सेवा योजनेत होतो. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, ही योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि शिवाय सात दिवसांच्या शिबिराला जायचे, असा नियम होता. आमचे कार्यक्रम अधिकारी तासांच्या बाबतीत फार काटेकोर होते. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचा मांडव आम्ही तीन रात्री जागून घातला आणि ते तास वहीत लिहिले, तेव्हा त्यांनी शांतपणे ते पान खोडले. बंधाऱ्यासाठी दगड वाहिल्याचे तास त्यांनी सरपंचांची सही पाहून लगेच मान्य केले. त्या वेळी राग आला होता. आज मला वाटते की त्या योजनेचे ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’ हे ब्रीद त्यांनी आम्हाला त्या खोडलेल्या पानातून शिकवले. मुलांनी फूड बँकेत (गरजूंना मोफत अन्नधान्य देणाऱ्या संस्थेत) केलेले काम अर्जात ठळक असावे आणि गणेशोत्सव सेवेतून वगळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रेषक: नाट्यविभाग

काकांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, पण काटेकोरपणाबद्दल आहे. पुण्यात १९६३ पासून चालत आलेला पुरुषोत्तम करंडक (महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा) आपल्यापैकी अनेकांनी प्रेक्षागृहात आरडाओरडा करत अनुभवला आहे. २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडक कोणत्याच महाविद्यालयाला द्यायचा नाही असे ठरवले, तेव्हा मोठा वाद झाला. मी त्या वेळी मुलांच्या बाजूने होतो आणि आजही आहे, परंतु जो करंडक नाकारला जाऊ शकतो तोच मिळवण्यासाठी मुले महिनोन्‌महिने तालमी करतात, हेही खरे आहे.

म्हणून कार्यक्रमांच्या रकान्यात जे गटाचे स्वतःचे आहे तेच यावे. फेब्रुवारीतली एकांकिका मुलांनी लिहिली, बसवली आणि विद्यापीठाच्या सभागृहात विनामूल्य दाखवली. मंडळाने ध्वनियंत्रणा दिली आणि ती नाट्यविभागाच्या देखरेखीखाली होती, एवढा उल्लेख असावा; त्यापलीकडे आमचा दावा नाही. ती एक एकांकिका त्या रकान्याला पुरेशी आहे.

प्रेषक: एक सभासद (विद्यापीठ कर्मचारी)

मी दुसऱ्या एका विद्यापीठात विद्यार्थी विभागात काम करते, म्हणून दोन गोष्टी.

पहिली तातडीची आहे. काल या ई-मेल यादीवर एका पालकांनी गटातल्या मुलांचे नावानिशी ग्रेड असलेला तक्ता पाठवला. हेतू चांगला होता, पण तो तक्ता कृपया सर्वांनी काढून टाकावा आणि पुढे पाठवू नये. अमेरिकेतल्या १९७४ च्या फर्पा या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार विद्यार्थी महाविद्यालयात गेला की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. तो कायदा विद्यापीठांना बांधतो, मंडळाला नाही. तरीही ज्या मुलाचा ग्रेड त्या तक्त्यात सर्वांत खाली आहे त्याला आपल्या यादीवर काय वाटले असेल याचा आपण विचार केला पाहिजे. गटाची सरासरी हा एकच आकडा अर्जात जातो, तो याचसाठी.

दुसरी गोष्ट काकांच्या प्रश्नाची. अभ्यास, कार्यक्रम आणि सेवा या कसोट्या ग्रीक अक्षरांची नावे घेणाऱ्या इथल्या विद्यार्थी संघटनांत फार जुन्या आहेत. १७७६ मध्ये विल्यम अँड मेरी महाविद्यालयात फाय बीटा काप्पा स्थापन झाली. १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा स्थापन केली, तिची सुरुवात एकमेकांचा अभ्यास घेण्यासाठी आणि आधारासाठी जमणाऱ्या एका मंडळातून झाली होती. आणि १९३० मध्ये हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या अशा संघटनांची शिखर परिषद उभी राहिली. ज्यांना बाहेर कोणी जवळ करत नव्हते, त्यांनी आधी आपल्याच माणसांना हात दिला, आणि त्याला कोणी सेवा नाही असे म्हणत नाही. आपल्या उत्सवाला आलेल्या आजी-आजोबांना गाडीतून उतरवून खुर्चीपर्यंत नेणे ही माझ्या मते सेवाच आहे.

प्रेषक: माजी अध्यक्ष

ताई, आजी-आजोबांचा मुद्दा मला मान्य आहे. मोदकांचा अजून नाही.

प्रेषक: विद्यार्थी गटाची अध्यक्षा

काका, ताई, वहिनी, सर्वांना नमस्कार. माझ्या मराठीत चुका असतील तर सांगाव्यात.

अर्जाच्या नियमांत लिहिले आहे की स्वतःच्या गटाच्या कार्यक्रमासाठी केलेले काम सेवेत धरू नये. आम्ही गणेशोत्सव दोन्ही रकान्यांत लिहिला, ही आमची चूक होती आणि सचिवकाकांनी ती बरोबर पकडली. काल रात्री आम्ही सगळे बसलो आणि असे ठरवले. गणेशोत्सव मंडळाचा आहे, म्हणून तो कार्यक्रमांतून काढला. तिथे एकांकिका आणि परीक्षेआधीचे दोन अभ्यासवर्ग राहतील. गणेशोत्सव आमचा नसल्यामुळेच स्वयंपाकघरातले आणि गाड्यांचे तास नियमाप्रमाणे सेवेत बसतात, पण ढोल-ताशाच्या सरावाचे आणि वादनाचे ३५ तास आम्ही काढले, कारण ते आम्ही आनंदासाठी केले. म्हणजे १८६ ऐवजी १५१ तास होतात. फूड बँकेचे पत्र त्यांच्याकडून वेगळे आले आहे.

माजी अध्यक्षकाका, मोदक जेवायला आलेल्यांत विद्यापीठातली कितीतरी मुले होती, ज्यांना वसतिगृहात सणाच्या दिवशी कोणी विचारत नाही. आम्ही पहिल्या वर्षी अशीच आलो होतो. म्हणून आम्ही ते तास ठेवले आहेत. तुम्हाला अजूनही पटत नसेल, तर आज संध्याकाळपर्यंत सांगा, म्हणजे मी तुम्हाला फोन करीन.

प्रेषक: माजी अध्यक्ष

फोन जरूर कर, पण हरकत म्हणून नव्हे. पस्तीस तास तुम्ही स्वतःहून खोडलेत, हे मला आमच्या सरांना सांगावेसे वाटले. तास ठेवा.

प्रेषक: सचिव

पत्र आज सही करून पाठवतो. त्यात असे असेल: उत्सव मंडळाने भरवला; विद्यार्थी गटाने स्वयंपाकघरात ९२ तास आणि वाहनतळावर ५९ तास काम केले; ढोल-ताशा वादनात सहभाग घेतला, त्याचे तास मोजलेले नाहीत. स्वयंपाकघराच्या नोंदीची प्रत वहिनींनी दिली आहे. वाहनतळाची वही मात्र अजून सापडलेली नाही आणि त्या ५९ तासांवर मी न पाहता सही करणार नाही. ज्यांनी त्या दिवशी वाहनतळावरची केशरी जाकिटे परत नेली त्यांनी आज घरी जाऊन जाकिटांच्या पेटीत पाहावे आणि रात्री ९ पर्यंत मला फोन करावा.